भरतीच्या अर्जात माजी पोलिसांसाठी रकाना हवा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मैदानावर भरतीचा सराव करणाऱ्या मुली माझ्याकडे अर्ज भरायला येतात. गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं एकेक करून चढवायचं. मग समांतर आरक्षणाचा भाग येतो. महिलांना ३० टक्के, माजी सैनिकांना १५, खेळाडूंना ५, प्रकल्पग्रस्तांना ५, गृहरक्षक दलातल्यांना ५, पोलिसांच्या मुलामुलींना ३, भूकंपग्रस्तांना २. सैन्यातून आलेल्याला जागा आहे, होमगार्डला आहे, पोलिसाच्या लेकरालाही आहे. ज्याने पोलीस म्हणूनच नोकरी केली आणि मध्येच सोडावी लागली, त्याला मात्र नाही. मी बारा वर्षं महाराष्ट्र पोलीस दलात शिपाई होते. राजीनामा मंजूर झाला त्या दिवशी बाहेरची झाले. मला परत यायचं आहे. माझ्यासारख्या, स्वच्छ नोकरी करून घरच्या अडचणीपायी बाहेर पडलेल्या सगळ्यांनाच परत यायची वाट असली पाहिजे, असं माझं मत आहे.

मी २००४ साली लागले. घरात वर्दी घालणारी पहिलीच. प्रशिक्षण, मग मुख्यालय, मग ठाणं. सुरुवातीला आरोपी पार्टी, समन्स-वॉरंट, कोर्टाच्या खेपा. दर आषाढीला आमच्या जिल्ह्याची तुकडी पंढरपूरच्या बंदोबस्ताला जायची. वाळवंटात चुकामूक झालेली म्हातारी रडत समोर आली की नवी पोरगी तिला गाव विचारते, आणि म्हातारी गाव सांगते तेही वाडीचं नाव, जे कुणालाच माहीत नसतं. आमच्या सोबतच्या हवालदार बाईंनी मला शिकवलं, आधी दिंडीचा नंबर विचार, तो आठवत नसेल तर काल मुक्कामाला कुठं होता ते विचार. हे प्रशिक्षण केंद्रात कुणी शिकवत नाही.

पुढं महिला कक्षात आले. जळीत बाई सिव्हिलला दाखल झाली की मृत्यूपूर्व जबाबासाठी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं, डॉक्टरांकडून ती शुद्धीवर असल्याचा शेरा घ्यायचा, हे कागदावरचं काम. खरं काम वेगळंच असतं. उशाशी बसलेल्या सासूला आणि नवऱ्याला वॉर्डाबाहेर काढायचं, तेही आरडाओरडा न होऊ देता, कारण त्या दोघांसमोर ती बाई स्टोव्हचा भडका उडाला एवढंच सांगणार. मी किती तरी वेळा 'दादा, जरा कागदावर सही करायला बाहेर या' म्हणून नवऱ्याला दारापलीकडे नेलं आहे. २०१२ साली पोक्सो कायदा आला. लहान मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, वर्दी न घालता घ्यायचा, असं त्यात आहे. फौजदार मॅडम लिहायच्या, मी साध्या साडीत पोरीच्या आईजवळ बसायची. कधी थांबायचं, कधी पाणी द्यायचं, कोणत्या प्रश्नाला पोरगी आईच्या तोंडाकडे बघते, हे हळूहळू कळत गेलं. सरकारने माझ्या पगारावर जो खर्च केला तो याच्यासाठी. मी गेले तेव्हा हे सगळं माझ्यासोबत गेलं.

सोडलं का, तर मुलासाठी. तो पाच वर्षांचा असताना त्याला झटके येऊ लागले. मालक एसटीत चालक, मुक्कामी गाडी असली की घरी नाहीत. सासूबाई थकलेल्या. माझी ड्युटी कागदावर बारा तास, बंदोबस्त लागला की तासांचा हिशेबच नाही. मोठं रुग्णालय शेजारच्या जिल्ह्यात होतं, म्हणून आंतरजिल्हा बदली मागितली. ज्येष्ठता जाणार हे माहीत असूनही मागितली. ती झाली नाही. अर्जित रजा संपली, बिनपगारी रजा काही काळ मिळाली, पुढं वाढवून मिळाली नाही. स्वेच्छानिवृत्तीला वीस वर्षं पूर्ण लागतात, ती माझी नव्हती. मग एकच कागद उरतो. २०१६ मध्ये राजीनामा दिला. माझ्याविरुद्ध चौकशी नव्हती, भांडाराचं येणं नव्हतं, त्यामुळे तो लवकर मंजूर झाला. किट जमा केलं, ओळखपत्र जमा केलं, बक्कल नंबर गेला.

त्या मंजुरीचा अर्थ मला नंतर नीट कळला. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ४६ सांगतो की राजीनाम्याने मागची सगळी सेवा जप्त होते. बारा वर्षं झालेली असोत की अठरा, पेन्शनच्या हिशेबात शून्य. राजीनामा मागं घेता येतो, पण त्यालाही अटी आहेत. तो सचोटी, कार्यक्षमता किंवा वर्तणूक सोडून दुसऱ्या सक्तीच्या कारणासाठी दिलेला असावा, परिस्थिती बदललेली असावी, जागा रिकामी असावी. इथवर मी बसते. पुढची अट अशी की राजीनामा अमलात आल्यापासून कामावर परत येण्याची परवानगी मिळेपर्यंतचा काळ ९० दिवसांपेक्षा जास्त नसावा. आजारी मूल तीन महिन्यांत बरं होत नाही. अंथरुणाला खिळलेले सासरे तीन महिन्यांत उठत नाहीत. बाळंतपणानंतर ढासळलेली तब्येत तीन महिन्यांत सावरत नाही. ज्या कारणांसाठी बायका नोकरी सोडतात, त्यातलं एकही कारण ९० दिवसांत मिटणारं नाही. नव्या भरतीत यावं म्हटलं तर शिपायाची वयोमर्यादा खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३.

आता दुसरी बाजू पाहा. ज्याच्याविरुद्ध चौकशी किंवा खटला चालू आहे, त्याचा राजीनामा प्रशासन सहसा मंजूर करत नाही. ते बरोबरही आहे, नाही तर माणूस शिक्षेआधीच निसटेल. पण मंजूर न झाल्यामुळे तो नोकरीतच राहतो, आणि उद्या कुणाच्या मनात आलं तर त्याला पुन्हा कामावर घेता येतं. मुंबईचे पोलीस अधिकारी सचिन वाझे ख्वाजा युनूस यांच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात २००४ साली निलंबित झाले. २००७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तो मंजूर झाला नाही. त्यानंतर ते एका राजकीय पक्षात गेले. जून २०२० मध्ये आढावा समितीच्या निर्णयाने त्यांना मुंबई पोलीस दलात परत घेतलं गेलं आणि गुन्हे शाखेत महत्त्वाचं काम मिळालं. मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना अटक केली, मे महिन्यात ते बडतर्फ झाले. त्या खटल्यांचा निकाल न्यायालय लावेल, त्यावर मला काही म्हणायचं नाही. मी नियमाबद्दल बोलते आहे. सोळा वर्षं कामापासून दूर असलेल्या माणसाला परत यायला कायद्यात वाट होती, कारण त्याच्यावर खटला होता. माझ्यावर काहीच नव्हतं, म्हणून माझा राजीनामा मंजूर झाला आणि वाट बंद झाली. सेवापुस्तक जितकं स्वच्छ, तितका परत यायचा मार्ग अवघड, असा हा नियमाचा परिणाम आहे. कुणी मुद्दाम असं योजलं असेल असं मला वाटत नाही. पण वर्षानुवर्षं तो तसाच चालू आहे आणि त्याकडे कुणी पाहत नाही.

मोठ्या अधिकाऱ्यांचं आणखी वेगळं. बिहारमध्ये गुप्तेश्वर पांडे यांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी स्वेच्छानिवृत्ती मागितली. उमेदवारी मिळाली नाही. काही महिन्यांनी त्यांनी परत येण्याची विनंती केली, राज्य सरकारने ती मान्य केली, आणि तेच २०१९ मध्ये बिहारचे पोलीस महासंचालक झाले. आपल्याकडे संजय पांडे यांनी मध्यंतरी राजीनामा देऊन खासगी क्षेत्रात काम केलं. तो राजीनामा मंजूर झाला नाही, ते सेवेत परतले आणि पुढं राज्याचे प्रभारी महासंचालक झाले. २०२२ च्या सुरुवातीला महिला अंमलदारांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा आदेश त्यांच्याच सहीने निघाला. त्यांच्या परतण्याने आम्हा बायकांचं भलंच झालं, हे मी मनापासून मानते. बाहेरचं जग पाहून आलेला माणूस दलात काय बदलू शकतो याचं ते उदाहरण आहे. तीच संधी शिपायाला का नको, एवढंच मी विचारते.

या आठ तासांवर थोडं थांबते, कारण माझ्या म्हणण्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. मी सोडलं तेव्हा आठ तासांची ड्युटी मुंबईत देवनार ठाण्यात नुकतीच प्रयोग म्हणून सुरू झाली होती. आमच्याकडे तिची फक्त चर्चा होती. बाल संगोपन रजा राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ मध्ये मिळाली, पूर्ण सेवेत १८० दिवस. मी २०१६ ला गेले. आठ तास असते आणि ही रजा असती, तर मी राजीनामा लिहिला नसता. माझ्या ओळखीच्या, मध्येच सोडून गेलेल्या बायकांपैकी बहुतेक जणी हेच सांगतात. सरकारने ज्या अडचणी स्वतः मान्य केल्या आणि दूर केल्या, त्याच अडचणींमुळे आम्ही गेलो. मग अडचण दूर झाल्यावर गेलेल्यांना निरोप का नाही? परिस्थितीतला बदल ही तर नियमातलीच अट आहे. इथं बदल घरातही झाला आणि खात्यातही. माझा मुलगा आता नववीत आहे, झटके थांबून बराच काळ झाला.

माणसं कमी पडतात तेव्हा सरकार काय करतं तेही पाहू. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांकडे मनुष्यबळ कमी होतं, म्हणून महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाकडून तीन हजार जवान ११ महिन्यांसाठी घेण्याचा निर्णय झाला. त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही, ती पोटासाठी आली. पण ठाण्याच्या दारात उभा राहणारा माणूस हा केवळ उभा राहणारा माणूस नसतो. रात्री दोन वाजता मारहाण झालेली बाई आली तर तिला आधी दवाखान्याची यादी द्यायची की आधी तक्रार लिहायची, हे त्याला कळावं लागतं. राज्यात हे काम वर्षानुवर्षं केलेली माणसं घरी बसली आहेत. कुणी भरती अकॅडमीत शिकवतं, कुणी मॉलमध्ये महिला सुरक्षारक्षक आहे, एक जण गावात पिठाची गिरणी चालवते. त्या निर्णयाच्या वेळी यांतल्या कुणालाही कुणी विचारलं नाही.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट सरळ ठेवली आहे. तिथली पोलीस दलं माजी अधिकाऱ्यांकडून उघडपणे अर्ज मागवतात, त्यांची पार्श्वभूमी नव्याने तपासतात आणि राहून गेलेलं प्रशिक्षण देतात. २०१९ नंतर तिथल्या सरकारने तीन-साडेतीन वर्षांत वीस हजार पोलीस वाढवायचं ठरवलं, तेव्हा परतणाऱ्यांनाही त्यात घेतलं. आपण घ्यावी अशी त्यांची दुसरी व्यवस्था आहे. बडतर्फ झालेल्यांची राष्ट्रीय यादी डिसेंबर २०१७ पासून तिथं ठेवली जाते. त्या यादीत नाव असलेल्याला देशातलं कुठलंही दल घेऊ शकत नाही. चौकशी चालू असताना निघून गेलेल्यांची यादी वेगळी. म्हणजे कोण स्वच्छ गेला आणि कोण डाग घेऊन गेला, हे एका जागी लिहिलेलं असतं. लंडनच्या पोलीस दलात उमेदवारांची तपासणी ढिली पडल्याचं २०२३ च्या केसी अहवालाने कठोर शब्दांत मांडलं, तेव्हा नुसती व्यवस्था असून भागत नाही हेही खरं. पण आपल्याकडे ती व्यवस्थाच नाही.

आता आक्षेप. सगळ्यात खरा आक्षेप माझ्याच मैदानावर आला. 'मॅडम, तुम्ही परत गेलात तर आमच्यातल्या एकीची जागा जाईल ना?' असं एका मुलीने विचारलं. पहाटे पाचला सायकलवरून येणारी, रिकाम्या पोटी गोळा फेकणारी पोरगी. २०२४ मध्ये सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. तिच्या प्रश्नाला मी उडवाउडवीचं उत्तर दिलं नाही. हो, जागा जाईल. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे पंधरा हजार पोलीस पदांच्या भरतीला मान्यता दिली. त्यातला एक टक्का माजी पोलिसांना ठेवला तर दीडशे जागा होतात. त्या दीडशे नव्या मुलामुलींना मिळणार नाहीत. पण भरती झालेल्या प्रत्येकाच्या प्रशिक्षणावर सरकार पैसे आणि महिने घालवतं, आणि मग तो ठाण्यात आल्यावर त्याला खरं काम कुणी तरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं. मला हवालदार बाईंनी शिकवलं तसं. ठाण्यांत अशा शिकवणाऱ्या बायका कमी आहेत. उद्या हीच मुलगी पोक्सोच्या पहिल्या जबाबाला जाईल तेव्हा तिच्यासोबत कोण असेल, हा तिच्याही भल्याचा प्रश्न आहे. शिवाय तिला स्वतःला कधी मध्येच घरी बसायची पाळी आली, तर हीच वाट तिच्या कामाला येईल.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. परत येता येतं म्हटल्यावर लोक ऊठसूट राजीनामे देतील, असं एका निवृत्त साहेबांनी मला ऐकवलं. ज्येष्ठता जाणार, मधला पगार जाणार, सरकारी घर जाणार, बढतीच्या यादीत आपल्यामागून आलेली पोरं पुढं निघून जाणार, हे माहीत असताना मौजेखातर कुणी राजीनामा देत नाही. मी दिला तेव्हा घरात महिनाभराचा किराणा भरायला पैसे नव्हते.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आमचं ज्ञान जुनं झालं आहे. आम्ही भादंवि आणि सीआरपीसीवर वाढलो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाला घटनास्थळी बोलवायचं असतं. सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीवर मी शेवटचं काम २०१६ मध्ये केलं. म्हणून परतणाऱ्याला थेट ठाण्यात पाठवू नये. तीन महिने प्रशिक्षण केंद्रात ठेवावं, परीक्षा घ्यावी, नापास झाला तर घरी पाठवावं.

माझी मागणी म्हणूनच मोजकी आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई (सेवाप्रवेश) नियम, २०११ मध्ये दुरुस्ती करून माजी पोलीस हा घटक घालावा. किमान पाच वर्षं सेवा झालेली, राजीनामा देताना चौकशी किंवा गुन्हा नसलेला, राजीनाम्याला बारा वर्षांपेक्षा जास्त काळ न लोटलेला आणि ४५ च्या आतला उमेदवार. मैदानी चाचणी आणि वैद्यकीय तपासणी नव्या उमेदवाराइतकीच, त्यात सूट नको. आठशे मीटर मी आजही मुलींसोबत धावते. चारित्र्य पडताळणी नव्याने. निवड एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर नको, मंडळाने करावी, आणि निवडलेल्यांची नावं व त्यांच्या राजीनाम्याची तारीख संकेतस्थळावर टाकावी, म्हणजे कुणाला मागच्या दाराने घेतलं अशी शंका राहणार नाही. ज्येष्ठता यादीत शेवटचा नंबर. संधी आयुष्यात एकदाच. मागची सेवा पेन्शनला धरली तर न्याय होईल, पण तेवढ्यासाठी हे अडणार असेल तर ती धरू नका. आणि बडतर्फ झालेल्यांची, तसंच चौकशी चालू असताना सोडून गेलेल्यांची राज्याची एक यादी करा. त्या यादीतल्या कुणालाही आढावा समितीच्या नुसत्या निर्णयावर मोक्याच्या शाखेत बसवता येऊ नये.

मी बेचाळीस वर्षांची आहे. अठ्ठावन्नला निवृत्ती धरली तर अजून सोळा वर्षं काम करू शकते, आणि मला ती ठाण्यातच करायची आहेत. माझ्या तुकडीतल्या, मध्येच सोडलेल्या दोघी माझ्याहून मोठ्या आहेत. त्यातली एक पुढच्या वर्षी ४५ पूर्ण करेल. ही दुरुस्ती येत्या भरतीच्या जाहिरातीआधी झाली नाही, तर ती सहकारी वयाच्या अटीत बसणार नाही.